ऑगस्टचं पाणी

चिनो, १९ जानेवारी २००४

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तुमचं नव्या वर्षाचं कार्ड पोचलं. त्यावरचा हत्ती बघून तुझी धाकटी भावजय कानाए हसत सुटली आणि तिने तो लगेच फ्रिजच्या दारावर चिकटवला. बाबांनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुधारलं की याचं. तिकडच्या उन्हाने असेल." थायलंडमध्ये तुम्ही जानेवारीत पंखा लावून झोपता हे मानायला ते अजून तयार नाहीत.

इकडे थंडीने पार वाट लावली आहे. सुवाचं तळं काठाकाठाने गोठलंय, नळांना चिंध्या गुंडाळून ठेवाव्या लागतात, आणि अख्ख्या गावात खुश कोण, तर शेतात चायना ग्रास वाळत घालणारे. त्यांना हीच हवा लागते. बाकी आम्ही कोतात्सूच्या गरम टेबलाखाली रजईत पाय घालून नोझावानाच्या पाल्याचं लोणचं चावत बसतो आणि उठायची वेळ आली की एकमेकांकडे बघतो. बाबा तेवढे सकाळी उठून अंगणातला बर्फ ओढतात. बस चालवायचे तेव्हाची सवय, ती काही जायची नाही.

गॅरेज बरं चाललंय. बर्फाचे टायर घालायची गर्दी संपली, आता लोकांच्या बॅटऱ्या मान टाकतात. हिराबायाशी आठवतो ना, सोबा शेवयांच्या दुकानवाला, टर्बोच्या गाडीवर बायकोपेक्षा जास्त जीव असलेला? त्याने उन्हाळ्यात गाडीला टर्बोपासून शेपटापर्यंत नवा रुंद पाईप लावला. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये धूर अडखळत जातो, तो मोकळा सोडला की टर्बो लवकर जागा होतो आणि गाडी मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटते. आवाज असा, की छातीत वाजतो. अर्थात ताकद वाढली की इंजिन तापतंही तेवढंच. ते तापणं आवरणं हीच खरी कारागिरी. ऑगस्टमध्ये त्याने गाडी ट्रॅकवर नेली, मीही गेलो होतो सोबत. काय सांगू तुला. पण ते असो, तुला असल्या गोष्टी आवडत नाहीत.

आता तुझ्या गाडीबद्दल. शेवटी लिहितोय, कारण तसं विशेष काही नाही.

तिला जरा पाण्याचा त्रास झालाय. काल रविवार, बाबांनी नेहमीसारखी गाडी चालू केली. तू गेल्यापासून त्यांनी एक रविवार चुकवला नाही. त्या दिवशी ते दाढीसुद्धा आधी करतात. काल किल्ली फिरवल्याबरोबर इंजिनाचा पट्टा किंचाळला, जळका वास आला, आणि थोड्या वेळाने खालून पाणी वाहायला लागलं. इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मूळ सांगाड्यालाच, तडा गेलाय. आतलं पाणी गोठून फुगलं, दुसरं काही नाही. ऑक्टोबरमध्ये बाबा गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांचं कूलंट बदलतात, तुला माहीत आहे. जुनं काढायचं, आतून साध्या पाण्याने धुवायचं, मग निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं न गोठणारं मिश्रण भरायचं. तुझ्या गाडीत धुऊन झाल्यावर मिश्रण भरायचं राहून गेलं असणार.

तू काळजी करू नकोस. दुसरा ब्लॉक शोधतोय, मिळेल. मी त्यांना एका शब्दाने बोललो नाही. या वयात काय बोलणार? पण दादा, आईचंही सुरुवातीला असंच होतं ना? शेगडीवर भांडं नाही आणि गॅस चालू. असो. तू फोनवर त्यांना यातलं काही विचारू नकोस, त्यांना लागेल.

वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेली वाळलेली फळं बाबांनी एकट्याने संपवली.

तुझा,
नोबु

॰

चिनो, १४ मार्च २००४

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळून महिना होत आला, उत्तराला उशीर झाला. कामाचं कारण सांगणार होतो, पण तू ओळखतोसच मला. हात शिवशिवत नाहीत तोवर मी पेन उचलत नाही, आणि या वेळी शिवशिवले तरी उचललं नाही.

इकडे बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालाय. डोंगर अजून पांढरे आहेत. हिराबायाशीच्या बायकोला मुलगी झाली. तो आता टर्बो विकून सरकत्या दाराची गाडी घेणार म्हणतो, त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

तू लिहिलंयस, "नोबु, तू बाबांना सांभाळून घेतलंस, मी असतो तर ओरडलो असतो. तू तिथे आहेस म्हणून मी इथे निवांत आहे." हे वाक्य वाचून मी पत्राची घडी केली आणि कामाच्या पाटलोणीच्या खिशात ठेवलं. ते अजून तिथेच आहे. कानाएने विचारलं, दादा काय म्हणतात, तर म्हटलं, मजेत आहेत.

बातमी अशी की बाबांनी लायसन्स परत केलं.

कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या मंगळवारी नाश्ता झाल्यावर कोट घातला आणि कानाएला म्हणाले, "सूनबाई, मला पोलीस ठाण्यावर सोड. येताना मी चालवणार नाही, जाताना पण नाही." तिला वाटलं काही चोरीला गेलं. तिथे गेल्यावर त्यांनी पाकिटातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. तिथल्या तरुण शिपायाने उभं राहून वाकून म्हटलं, "इतकी वर्षं सांभाळून चालवलीत, आभारी आहोत." बाबा म्हणाले, "सांभाळून चालवली, म्हणूनच परत करतोय." घरी येऊन चहा मागितला. मी गॅरेजमधून आलो तेव्हा ते टीव्ही बघत होते. मला म्हणाले, "बरं झालं की नाही? कोणाच्या पोराला उडवल्यावर शहाणपण येऊन काय उपयोग." मी म्हटलं, बरं झालं.

ते आता गॅरेजमध्ये येत नाहीत. हात लावला तर मोडेल, म्हणतात. गॅस स्वतः पेटवत नाहीत. जेवल्यावर कानाएला विचारतात, "मी जेवलो ना?" आणि ती हो म्हणाली की म्हणतात, "माहीत आहे, तरी विचारून ठेवलेलं बरं." परवा तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांना काही झालंय असं मला वाटत नाही," ती म्हणाली.

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"सकाळी मला त्यांच्या जुन्या मार्गाचे सगळे थांबे म्हणून दाखवले. आधी सुलटे आणि मग उलटे. कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी चढायची, ते पण. आणि हे विसरायला लागलेत म्हणे."

"जुनं आठवतं, नवं जातं. आईचं तसंच होतं."

"आईंचं मी केलंय," कानाए म्हणाली. "आईंना आपण विसरतोय हे माहीत नव्हतं. बाबा दिवसभर त्याशिवाय दुसरं काही आठवतच नाहीत."

मी म्हटलं, भात लागतोय बघ. भात लागत नव्हता.

दादा, एक गोष्ट सांगायची होती. जानेवारीच्या पत्रात मी हिराबायाशीच्या पाईपचं पुराण लावलं होतं. तो पाईप त्याचा नव्हता. म्हणजे त्याने घेतला होता, पण बायकोच्या धाकाने लावला नाही, आणि दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, म्हणून तो मी तुझ्या गाडीला लावला. तू जाताना बजावलं होतंस, "गाडी आहे तशी राहू दे, सायलेन्सरला हात लावायचा नाही, ट्रॅकवर न्यायची नाही." तू ते बाबांसमोर बोलला होतास. मी हो म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये नेली. बाबा तेव्हा बसवाल्या दोस्तांबरोबर गरम झऱ्यांच्या सहलीला गेले होते. एकच दिवस. गाडी काय पळाली दादा, तुला कधीच कळणार नाही तुझ्याकडे काय आहे ते. परत आल्यावर त्याच संध्याकाळी मी पाईप काढला आणि तुझा जुना सायलेन्सर होता तसा बसवला, नट पुसून. पाईप टायरांच्या ढिगामागे आहे.

हे सांगून टाकलं, आता बरं वाटतंय. म्हणजे वाटायला हवं होतं. तू चिडशील, चीड. हक्क आहे तुझा.

ऑक्टोबरमध्ये

जाऊ दे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नोबु

॰

चिनो, २५ एप्रिल २००४

दादा,

तुझं पत्र आलं. पाईपबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "ते आल्यावर बघू." बाकी सगळं पत्र बाबांवर. कंपनीकडे परत बदली मागणार आहेस, नव्या कारखान्याचं काम दुसऱ्याला जाईल तर जाऊ दे, म्हणतोस, "आईच्या वेळी मी नव्हतो, बाबांच्या वेळी तरी असायला हवं." वहिनींनीही होकार दिला.

बदलीचा अर्ज केला नसशील तर करू नकोस. केला असशील तर मागे घे. बाबांना काहीही झालेलं नाही.

कानाए त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. म्हणाले, माझ्यापेक्षा तल्लख आहेत, घरी घेऊन जा. बाबांचा विश्वास बसला नाही. "डॉक्टरने कागद बघितले," म्हणाले, "इंजिन नाही बघितलं." कोणी काही म्हणो, त्यांच्यासमोर तो तडकलेला ब्लॉक होता. तो ब्लॉक मीच तडकवला.

आता सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर हेही पत्र मागच्यासारखं होईल.

ट्रॅकवर हिरवं कूलंट भरून जाता येत नाही. सांडलं तर रस्ता तेलकट होतो आणि मागचा घसरतो, म्हणून नुसतं पाणी भरून या, असा तिथला नियम आहे. शिवाय मोठ्या पाईपने इंजिन तापत होतं, आणि नुसतं पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता ओढतं. त्यामुळे मला तो नियम मनापासून पटला. तुझ्या गाडीतलं सगळं कूलंट काढून मी पाणी भरलं. परत आल्यावर सायलेन्सर बदलला, कारण आवाज शेजाऱ्यांनासुद्धा कळला असता. पाणी कोणाला दिसणार होतं? कूलंटच्या वरच्या बाटलीत जुनं हिरवं तसंच ठेवलं होतं. म्हटलं, उन्हाळाच आहे, भरू सावकाश.

ऑक्टोबरमध्ये बाबा कूलंट बदलायला बसले. एकेक गाडी घेत घेत तुझ्या गाडीशी आले. रेडिएटरचं झाकण उघडलं असतं तर आत पाणी दिसलं असतं, आणि पाणी म्हणजे ट्रॅक, हे त्यांना सांगावं लागलं नसतं. मी एका गाडीखाली पडलो होतो. तिथूनच ओरडलो, "दादाची गाडी मी करतो बाबा, तुम्ही बाकीच्या करा." ते पुढे गेले. त्या रात्री भरायचं ठरवलं होतं. मग एक क्लच आला, मग दुसरं काही आलं, आणि ते डोक्यातून गेलं ते गेलंच. इतके दिवस गाडी आत शेगडीच्या उबेला होती म्हणून निभावलं. नव्या वर्षात गर्दी झाली तेव्हा जागा करायला मी तिला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं. मग ती थंडी.

हे सगळं माफ करण्यासारखं आहे. मेकॅनिक विसरला, तेवढंच. आता पुढचं.

त्या रविवारी पट्ट्याचा आवाज ऐकून मी धावत गेलो. बाबा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. खालून येणाऱ्या पाण्यात त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नुसतं पाणी आहे रे. बुळबुळीत नाही."

मी वाकून गाडीखाली बघितलं.

"ही गाडी तू करणार होतास ना? तू म्हणाला होतास मला."

दादा, मला खरं बोलायला एवढा एकच क्षण होता आणि तो चांगला मोठा होता. ते उकिडवे बसून माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. मी म्हणालो, "नाही बाबा. तुम्हीच केलीत की."

त्यांनी पुन्हा बोटाकडे बघितलं. "मी केली?"

"सगळ्या तुम्हीच केल्यात."

"मग मी धुतली आणि भरायचं विसरलो," ते हळू म्हणाले. "बाटली भरली, आत भरायचं विसरलो."

आणि मी म्हणालो, "होतं असं, बाबा."

हे शब्द कोणाचे, ते तुला आठवेल, सुट्टीत आला होतास तेव्हा ऐकले होतेस. आई शेवटी शेवटी त्यांच्याकडे अनोळखी माणसासारखं बघायची, भात नळाखाली धुवायची, चपला फ्रिजमध्ये ठेवायची, तेव्हा ते तिच्या पाठीवरून हात फिरवत हेच म्हणायचे, "होतं असं." एकदाही आवाज न चढवता. मी ते वाक्य त्यांच्याच सुरात त्यांना परत दिलं. त्या वेळी मला वाटलं, मी समजूतदारपणे बोलतोय. त्यांनी माझी माफी मागितली दादा. त्या गोठलेल्या शेडमध्ये उभं राहून, कमरेत वाकून. "थोरल्याची गाडी. मी त्याला काय तोंड दाखवू." मी त्यांना आत नेलं, चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी बसून तुला ते पत्र लिहिलं.

का केलं, हे मी रोज विचारतो. तुझ्या भीतीने, असं म्हणता येईल. तू रागावतोस तेव्हा बोलत नाहीस, ते मला लहानपणापासून सोसत नाही. पण तेवढंच नाही. लहानपणापासून मोडतोड झाली की नाव माझंच यायचं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कोणाचं तरी आलं. तो दुसरा बाप होता, हे मला दिसत होतं.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी काही केलं नाही, हेही लिहितो, नाहीतर तुला वाटेल वाचल्याबरोबर सुधारलो. मग गेल्या रविवारी सकाळी नाश्त्यानंतर त्यांना म्हटलं, "बाबा, जरा गॅरेजमध्ये या." ते नको म्हणत होते. मी हात धरून नेलं. टायरांच्या मागून पाईप काढून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि ऑगस्टपासून सगळं सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पाईपच्या तोंडाला आतून काजळी होती, तिच्याकडे बघत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "ऑक्टोबरात तू काय म्हणालास ते परत म्हण."

"दादाची गाडी मी करतो बाबा, तुम्ही बाकीच्या करा."

"तेव्हा तू कुठे होतास?"

"गाडीखाली. तांदूळवाल्याच्या ट्रकखाली."

"आणि मी काय म्हणालो?"

हे मी स्वतःसुद्धा इतके दिवस आठवू दिलं नव्हतं. "तुम्ही म्हणालात, बघ हां, विसरशील."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, ते वाक्य ते मनातल्या मनात म्हणून बघत असावेत. "हां," ते म्हणाले. "असंच झालं होतं. मला असंच आठवत होतं. मी रोज ते डोक्यातून हाकलत होतो." आणि ते रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेलो तर हाताने थांबवलं.

थोड्या वेळाने मी लायसन्सचं काढलं. चौकशी केली आहे. एकदा परत केलेलं मिळत नाही, पहिल्यापासून शिकाऊ म्हणून उभं राहावं लागतं. म्हटलं, मी रोज ड्रायव्हिंग स्कूलला सोडीन. ते म्हणाले, "तिथला मास्तर लहानपणी माझ्या बसने शाळेत जायचा. त्याच्या शेजारी बसून मी डावं-उजवं दाखवू?" मग पाईप पायाने बाजूला सारला आणि म्हणाले, "ते गेलं. सोड."

मग मी म्हणालो, "मी दादाला सगळं लिहिणार आहे."

"नाही."

"बाबा, तो काम सोडून यायला निघालाय."

"डॉक्टर बरं म्हणाले, एवढं कळव. म्हणजे येणार नाही. गाडीची चूक माझ्याच नावावर राहू दे. त्याला सांग, म्हातारा एकदा विसरला, परत नाही विसरला."

मला वाटलं ते मला पाठीशी घालतायत. माझ्यासारख्याला तेच वाटणार. मी म्हणालो, "बाबा, मला वाचवू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जानेवारीपासून पहिल्यांदा सरळ. "तुला कोण वाचवतंय?" ते म्हणाले. "बाप विसरायला लागला, यात लाज कसली? तुझ्या आईची मला एक दिवस लाज वाटली नाही. पण माझ्या एका मुलाने हे केलं, हे माझ्या दुसऱ्या मुलाला कळावं, याची मला लाज वाटते. तेवढं तरी मला झाकू दे."

आणि ते घरात गेले. त्यानंतर या आठवड्यात त्यांनी गॅस पेटवला, स्वतःचा चहा केला, कानाएला जेवलो का म्हणून विचारलं नाही. काल बस पकडून एकटे सुवाला जाऊन आले, खिडकीशी बसून. ड्रायव्हर वळणावर ब्रेक फार उशिरा लावतो, अशी तक्रार कानाएकडे केली. माझ्याशी कामापुरतं बोलतात. माझ्या हातचं काही नको म्हणत नाहीत आणि काही मागतही नाहीत.

मी त्यांचं ऐकणार होतो. तीन ओळींचं पत्र लिहूनही झालं होतं, डॉक्टर बरं म्हणाले, काळजी नसावी. मग दिसलं, की तेही तेच आहे. पुन्हा एकदा बाबांच्या नावावर माझं. फक्त या वेळी त्यांच्या परवानगीने. मला ते सोयीचं होतं म्हणून ते फाडलं. म्हणजे हे पत्र लिहून मी त्यांना आणखी एकदा दुखावतोय, ते झाकायला मागत होते तेच उघडं करतोय. दादा, यातून स्वच्छ सुटायची वाट मला सापडली नाही. पत्र पेटीत टाकल्यावर घरी जाऊन आधी त्यांना सांगेन की टाकलं. त्यांच्यापासून आता काही लपवणार नाही. ते काय करतील, मला माहीत नाही.

ब्लॉक मिळालाय. इंजिन मी बांधीन, पण गाडी तू दुसऱ्या कोणाकडून तपासून घे.

तू फोन करशील तेव्हा मला बोलावू नकोस, त्यांना बोलाव. गाडीचं काढू नकोस, माझंही काढू नकोस. त्यांना कुठली तरी जुनी गोष्ट विचार, तुझ्या लहानपणची, आईची, कुठलीही. आणि ते सांगतील तशीच ती झाली होती असं मान, तुला वेगळी आठवत असली तरी.

आजवर धाकटा म्हणून ज्याला सगळं माफ झालं, आणि ज्याला हे माफ होऊ नये असं वाटतं, तो,
नोबुमासा